धुराची वाट

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात आम्ही आमच्या पाषाणच्या घरातील जुन्या धुराड्याच्या आत एक पोलादी नळ बसवून घेतला. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि अठरा-वीस वर्षे तोच विषय महाविद्यालयात शिकवत आलेल्या माणसांनी लिहावे असा हा विषय नव्हे, याची आम्हांला कल्पना आहे. नळ बसवणे हे पत्राकाम करणाऱ्याचे आणि गवंड्याचे काम. त्यात आमचा वाटा पैसे देण्याचा, शिडी धरण्याचा आणि अधूनमधून चुकीच्या सूचना करण्याचा होता. पण या कामाच्या निमित्ताने आमच्या वाचनातील एक मोठी उणीव आमच्या ध्यानात आली, आणि ती आमच्यापुरतीच नसावी असे वाटते. म्हणून हा खटाटोप.

प्रारंभीच एक खुलासा. येथील ‘आम्ही’ हे संपादकीय अनेकवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. ज्या घराविषयी लिहितो आहोत ते एकाचे जन्मघर आणि दुसरीचे सासर. घरातील वडीलधाऱ्या बाईंना एक ‘अगं आई’ म्हणतो, दुसरी ‘अहो आई’ म्हणते. लेखनाच्या सोयीसाठी येथे ‘आई’ आणि एकवचन ठेवले आहे. त्यात अनादर नाही.

आम्ही कोथरूडला सदनिकेत राहतो. आई पाषाणच्या गावठाणातच राहते आणि तेथून हलायला तयार नाही. घर विटा-मातीचे, वर मंगळुरी कौले, स्वयंपाकघरावर लाकडी माळा. आजोबा गवंडी होते. खडकीच्या छावणीत साहेबांच्या बंगल्यांवर त्यांनी कामे केली होती. भिंतीत बसवलेली शेकोटी आणि तिच्यावरून थेट छपरापार गेलेली विटांची पोकळी त्यांनी तेथे पाहिली आणि स्वतःचे घर बांधताना चुलीवर तसेच एक धुराडे उभारले. गावठाणात त्या काळी बहुतेक घरांचा धूर कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडे. आमच्या घराला मात्र धुराडे होते, आणि या गोष्टीचा घराण्याला वाजवीपेक्षा जास्त अभिमान होता.

ते धुराडे आतून दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद. आता कळते की तेच चुकले होते. धूर वर चढतो तो गरम असतो म्हणून. एवढ्या ऐसपैस पोकळीत तो पसरतो, गार होतो, रेंगाळतो आणि भिंतींवर डांबरासारखा चिकट थर देऊन ठेवतो. त्यात वर्षे गेली तसा विटांमधला चुना झडला आणि भेगा पडल्या. छपराबाहेर जाणारा धूर थोडा थोडा माळ्यावर उतरू लागला. माळ्यावर आमची जुनी पुस्तके आणि एम. ए.ची टिपणे असत. त्यांना एक खमंग धुरकट वास येई. तो आम्हांला आवडत असे. गावाकडच्या घराचा वास म्हणून आमच्यापैकी एकाने त्यावर एक ललित लेखही लिहिला होता. असो.

आईचा खोकला हा या कथेचा दुसरा धागा. तो केव्हा सुरू झाला हे कोणालाच सांगता येत नाही. वय झाले, थंडी बाधली, धूळ फार आहे, अशी कारणे आम्हीच पुरवत गेलो. शेवटी जिना चढताना ती मध्येच बसली तेव्हा तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बिडी, तंबाखू, मिश्री?’ आईला हा प्रश्न अपमानास्पद वाटला आणि तिने उत्तरच दिले नाही. मग एका यंत्राच्या नळीत जोराने आणि सलग फुंकायला सांगितले. निदान सहा सेकंद. लोखंडी फुंकणीने पन्नास वर्षे चूल फुंकलेली बाई ती नळी सहा सेकंद फुंकू शकली नाही. तीन वेळा प्रयत्न झाला. तिसऱ्या वेळी ती आमच्याकडे अशा नजरेने पाहू लागली की जणू परीक्षेत तिला कोणीतरी चुकीची प्रश्नपत्रिका दिली होती. कागदावर ‘सीओपीडी’ असे निदान आले. फुप्फुसातील हवेच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा हा रोग. तो उलटत नाही. त्याची चाल तेवढी मंद करता येते.

या रोगाचा संबंध धूम्रपानाशी जोडायची वैद्यकाची जुनी सवय. त्या सवयीला मोठा धक्का देणारे काम ज्यांनी केले त्यांच्यापैकी एक पुण्याचेच. डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांचा धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीवरील लेख ‘लॅन्सेट’मध्ये २००९ साली आला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी, ही तुलना त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत शहराची हवा मोजणारी ‘सफर’ ही यंत्रणा विकसित झाली. तिचे आकडे वाचून आम्ही दिवाळीत नाकाला रुमाल लावत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या शिफारशीनुसार एक घनमीटर हवेत अडीच मायक्रॉनहून बारीक कण वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. चूल पेटलेल्या कोंदट स्वयंपाकघरात हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. त्या रुमालाआडून आम्ही आईच्या स्वयंपाकघरात शिरत होतो आणि तेथे गेल्यावर तो काढून ठेवत होतो.

चूल बंद करून गॅस का नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. गॅस घरात कित्येक वर्षे आहे. चहा, दूध, वरण-भात त्यावरच होते. चूल उरली ती भाकरीसाठी, आंघोळीच्या पाण्यासाठी आणि आईसाठी. डॉक्टरांनी अर्थातच चूल सोडा असे सांगितले आणि तेच योग्य होते. आम्ही आठ दिवस समजावले, चार दिवस रागावलो. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते: आवारातल्या सुबाभळीची छाटणी फुकट जाते, गॅसवर भाकरी फुगते पण भाजत नाही, आणि सकाळी उठल्याबरोबर चुलीपुढे बसले नाही तर बसायचे कोठे? या तिसऱ्या मुद्द्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. माणसाचे घरातले स्थान ही गोष्ट कोठल्याच अनुदानात बसत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला बलियात सुरू झाली आणि गॅस कोट्यवधी घरांत पोचला, हे मोठेच काम झाले. तरी गॅसशेजारी चूलही तेवत राहिली, हे कोणत्याही खेड्यात जाऊन पाहता येते. शेवटी तडजोड ठरली. भाकऱ्या आठवड्यातून तीन दिवस चुलीवर, बाकी गॅसवर. आणि त्या तीन दिवसांचा धूर खोलीत येणार नाही अशी व्यवस्था आम्ही करायची.

आम्ही शिक्षक, त्यामुळे आधी पुस्तकांकडे गेलो. वाचताना जाणवले की चुलीला धुराची वाट करून देण्याचा इतिहास चांगलाच लांब आहे आणि त्यातली काही माणसे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि त्या परिसराचे नाव ‘मगन चुली’ला मिळाले: एकामागे एक भांडी ठेवायची सोय आणि शेवटी धुराचा नळ. १९५०च्या दशकात हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. तो २००२च्या सुमारास संपेपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था स्थापन केली. तिच्या कामात सुधारित चुलींना महत्त्वाचे स्थान राहिले. ‘युगान्त’ आणि ‘परिपूर्ती’ आम्ही वर्षानुवर्षे शिकवली, पण इरावतीबाईंचे चिरंजीव वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि चुलींच्या प्रश्नात त्यांनी लक्ष घातले होते, हे आम्हांला आईच्या आजारपणात कळले.

मग वाचनात ओडिशातील एक अभ्यास आला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील खेड्यांत नळ असलेल्या चुली मिळालेल्या कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे तो फरक पुसला गेला. चुली मोडल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, नळ साफ केले गेले नाहीत, वापर कमी झाला. हे आम्ही लक्षपूर्वक वाचले, आणि ओडिशातील त्या गृहस्थांविषयी आम्हांला किंचित कीवही वाटली. ही कीव वाचकांनी लक्षात ठेवावी.

आईला आम्ही नळाची कल्पना समजावून सांगू लागलो तेव्हा तिने दोन वाक्यांत ती संपवली. ‘म्हणजे बंबाचा नळच की. बंब कुठं धुरवतो?’ पुण्यात वाढलेल्यांना तांबट आळीतला तांब्याचा बंब ठाऊक असेल: मधोमध उभा नळ, तळाशी निखारा, भोवती पाणी. नळ अरुंद आणि तापलेला असतो, म्हणून धूर त्यात रेंगाळत नाही. थेट वर ओढला जातो. रुंद, गार, भेगाळलेल्या विटांच्या पोकळीत एक अरुंद, गुळगुळीत, लवकर तापणारा नळ उतरवायचा, हेच तर आमचे काम होते. थंड देशांत जुन्या धुराड्यांना असे पोलादी अस्तर लावण्याचा धंदाच आहे. आमच्या घरी त्याचे स्पष्टीकरण बंबाने आधीच करून ठेवले होते.

चूल आईने स्वतः घातली. आवारातली माती, भाताचा कोंडा, शेण. जुनी उघडी चूल मोडून तिने दोन भांड्यांची बंदिस्त चूल उभारली. पुढे तव्याचे तोंड, मागे वैल, आणि वैलाच्या पाठीमागून नळाकडे जाणारे भोक. तोंडाचे माप तिने आपल्या तव्यावरून आणि पातेल्यावरून घेतले. आम्ही छापील आराखडा पुढे केला तेव्हा ती म्हणाली, ‘त्यांचा तवा त्यांच्याकडं.’ शेजारच्या एका घरी पूर्वी अशीच बिनधुराची चूल बसली होती. तिच्यावर मोठे पातेले मावत नसे, आणि दोन पावसाळ्यांत तिचा सिमेंटचा नळ काजळीने बुजला. पुढे त्या नळाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली, एवढेच आईला आठवत होते.

नळासाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हिंडलो. पत्राकाम करणारे एक गृहस्थ भेटले. जस्ताचा मुलामा दिलेला स्वस्त पत्रा आम्ही पसंत केला होता. त्यांनी तो बाजूला सारला. चुलीच्या आचेजवळ तो मुलामा टिकत नाही आणि जळताना त्याची वाफ छातीला वाईट, असे ते म्हणाले. ज्या कामासाठी हे चालले होते ते पाहता हा सल्ला नाकारण्यासारखा नव्हता. सहा इंच व्यासाचे, तीन-तीन फुटांचे स्टेनलेस स्टीलचे सहा तुकडे करायचे ठरले.

कामाच्या दिवशी गवंड्याने आधी धुराडे खरवडले. पहिली पाटी भरली, दुसरी भरली. काजळी, चुना, विटांचे तुकडे, आणि वरच्या टोकाशी अडकलेले एक घरटे. मराठीत ‘चिमणी’ हा एक अजब शब्द आहे: दाण्यावर येते ती चिमणी, घासलेटवर जळते ती चिमणी, गिरणीची ती चिमणी आणि आता स्वयंपाकघरातल्या ओट्यावर विजेने फिरते तीही चिमणी. चिमणीत चिमणीचे घरटे, असा श्लेष आमच्या ओठांवर आला होता. गवंड्याने ते हातात घेऊन पाहिले आणि साळुंकीचे असल्याचे सांगितले. श्लेष राहून गेला.

मग पहिला वाद झाला. पत्राकाम करणारे काका प्रत्येक वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत घालत होते. आम्ही तर्क लढवला: धूर खालून वर जाणार, तेव्हा खालचे टोक वरच्याच्या आत असले पाहिजे, नाहीतर प्रत्येक सांध्याशी धुराला कड आडवी येईल आणि तो फटीतून बाहेर पडेल. काकांनी ऐकून घेतले, आणि शांतपणे म्हणाले, ‘सर, धूर वर जातो, पण त्याचं पाणी खाली येतं.’ लाकडात ओल असते; धुरात ती वाफ होऊन वर जाते, नळाच्या गार टोकाशी तिचे काळे पाणी होते आणि नळाच्या अंगावरून ते खाली ओघळते. सांधा आमच्या म्हणण्याप्रमाणे केला असता तर ते प्रत्येक जोडाशी बाहेर झिरपले असते. धुराचे काय, नळ तापला की तो हवा आत ओढतो, बाहेर टाकत नाही. आम्ही गप्प झालो.

दुसरा वाद टोपीचा. साळुंकी पुन्हा येऊ नये म्हणून नळाच्या टोपीखाली बारीक जाळी लावावी असा आमचा आग्रह. काका म्हणाले, सगळ्यांत आधी तीच बुजेल. पण यावेळी आम्ही ऐकले नाही. मग त्यांनी अट घातली: दर महिन्याला जाळी उतरवून झाडायची, आणि नळात वरून तारेचा ब्रश फिरवायचा. आम्ही कबूल केले. नळ वाशांपासून वीतभर दूर ठेवला. टोक कौलांच्या आढ्याहून दोन फूट वर नेले, म्हणजे वारा धूर उलट खाली दाबणार नाही. वरच्या तोंडाशी पत्र्याची झाकणी बसवून जुने धुराडे बंद केले. सायंकाळी आईने चूल पेटवली. पहिली काही मिनिटे धूर खोलीतच आला आणि आमचे चेहरे पडले. आईने रद्दीचा एक बोळा पेटवून नळाच्या मुखाशी धरला. नळ तापला, आणि धूर मान वळवल्यासारखा आत गेला. बोळा आमच्या साहित्यशास्त्राच्या जुन्या टिपणांचा होता, हे नंतर कळले.

त्या रात्री भाकरी खाताना खोलीत धुराचा वास नव्हता, आणि आम्हांला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. तेव्हा प्रथमच जाणवले की आम्ही आयुष्यभर धूर पाहिला तो कशाची तरी खूण म्हणून. न्यायशास्त्रातील अनुमानाचे पाठ्य उदाहरण अभ्यासकांना ठाऊक आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ते आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. कारण जेथे धूर तेथे अग्नी. याला दृष्टांत कोणता, तर स्वयंपाकघर. शतकानुशतके शिष्यांनी हा दृष्टांत घोकला. धुरावरून अग्नीचे अनुमान झाले. त्याच दृष्टांतात, त्याच धुरात, अग्नीपुढे कोणीतरी बसलेले असते. तिचे अनुमान करण्याची गरज कोणाला पडली नाही. वैभवाचे दिवस सांगताना आपण म्हणतो, सोन्याचा धूर निघत होता. धूर निघाला की समृद्धी, धूर दिसला की घरपण, धूर आला की माहेर. ललित गद्यात तर चुलीचा धूर सांजवेळेशिवाय येतच नाही, आणि तो नेहमी दुरून पाहिलेला असतो.

आणि जेथे तो जवळून आला, तेथे आम्ही काय केले? ‘बहिणाबाईची गाणी’ १९५२ साली प्रसिद्ध झाली. त्यात न पेटणाऱ्या चुलीशी हुज्जत घालणारी एक कविता आहे. ती आम्ही दोघांनीही अनेकदा शिकवली आहे. अग्नीला माणसासारखे संबोधले आहे, येथे चेतनगुणोक्ती. बोलीचा गोडवा, लेवा गणबोलीची लय. कष्टातही विनोद जपणारी वृत्ती. विद्यार्थी लिहून घेत. त्या कवितेतल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत काय चालले असेल हा प्रश्न आम्ही विचारला नाही, आणि कोणी आम्हांला विचारला नाही. त्याच वेळी पाषाणच्या घरी आई खोकत होती. दोन्ही मजकूर आमच्यापुढे होते. एकात आम्हांला अलंकार दिसला, दुसऱ्यात वय.

वाचनातली उणीव कळली की माणूस सुधारतो, असा आमच्या व्यवसायाचा समज आहे. येथे या कथेचा तिसरा आणि कमी शोभणारा भाग येतो.

पहिल्या वर्षी आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी नेमाने पाषाणला गेलो. एकाने कौलांवर शिडी टाकून जाळी उतरवायची आणि ब्रश फिरवायचा, दुसरीने खाली पाटी धरायची. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात कौले निसरडी झाली म्हणून एक रविवार टळला. मग गणपती. मग सत्राच्या परीक्षा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मूल्यांकनाच्या समितीची कागदपत्रे. आई दूरध्वनीवर ‘बरं आहे’ म्हणायची. नोव्हेंबरात एका शनिवारी न सांगता गेलो तेव्हा चूल पेटलेली होती, मागचे दार सताड उघडे होते, आणि आई पदर नाकाशी धरून भाकरी थापत होती. चुलीवरची भिंत पुन्हा काळी झाली होती. जाळी पूर्ण बुजली होती. हातात घेतली तर पत्र्याच्या चकतीसारखी लागली. ‘कधीपासून?’ असे विचारले. ‘दसऱ्याच्या आधीपासून,’ ती म्हणाली. ‘तुमची पेपराची घाई असते. म्हटलं, इतकी वर्षं काय केलं?’

त्या थंडीत तिला आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. ते बुजलेल्या जाळीमुळेच, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. आम्ही त्यांना विचारलेही नाही.

ओडिशातील त्या अभ्यासाची आठवण तेथे, रुग्णालयाच्या बाकड्यावर, झाली. तेथील कुटुंबांना निदान कोणी वाचून दाखवले नव्हते. आम्ही तो निष्कर्ष वाचला होता, अधोरेखित केला होता, आणि पहिले वर्ष चांगले, पुढे फरक पुसला गेला, हे त्यातले वाक्य जसेच्या तसे जगून दाखवले होते. धुराला वाट करून देणे हे एका दिवसाचे काम. ती वाट मोकळी ठेवणे हे दर महिन्याचे. पहिल्या कामाचे छायाचित्र निघते. दुसरे काम घरात आजवर जिने केले तिनेच करत राहावे, असे न बोलता ठरलेले असते. या कामाला दुसऱ्या देशांतही कोणीतरी खर्ची पडले. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवून दिले की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा कर्करोग काजळीतून येतो. विल्यम ब्लेकच्या त्या मुलांवरील दोन कविता १७८९ आणि १७९४मधल्या. मुलांना धुराड्यात चढवणे इंग्लंडात प्रत्यक्षात थांबले ते १८७५च्या कायद्यानंतर. तेथे धूर बाहेर गेला तो त्या मुलांच्या अंगावरून. आपल्याकडे तो बहुतेक घरांतून बाहेर गेलाच नाही, त्यामुळे साफ करणाऱ्यावर कविता लिहिण्याचाही प्रसंग आला नाही.

आता जाळी काढून टाकली आहे. टोपी थोडी मोठी केली आहे. साळुंकी अजून आलेली नाही. आईच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर अमावास्येला तिने स्वतः काळी फुली केली आहे, आणि आदल्या दिवशी दूरध्वनी येतो. ‘उद्या अवस आहे,’ एवढेच. न जाण्याची सोय तिने ठेवलेली नाही. नळ झाडून झाला की ती पाटीतली काजळी बघायला येते. एकदा बोटाने चाळवून म्हणाली, ‘एवढं रोज कुठं बसत होतं माझ्यात?’ आम्ही पाटी उचलून आवारात नेली.

सगळे ठीक झाले असे म्हणता येणार नाही. आईची फुप्फुसे होती तशी होणार नाहीत; फवाऱ्याचे औषध दिवसातून दोनदा घ्यावे लागते. नळाने धूर खोलीबाहेर नेला, तो नाहीसा केला नाही. गल्लीतल्या हवेत तो आहेच. आणि भाकऱ्या आता आठवड्यातून दोनच दिवस चुलीवर होतात. तिसरा दिवस तिने आपण होऊन सोडला. कारण सांगितले नाही.

यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात बहिणाबाईंची ती कविता पुन्हा आली. वाचून झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे फळ्याकडे वळलो नाही. ‘चूल पेटत का नसेल?’ असे विचारले. वर्ग गप्प. मग शेवटच्या बाकावरची मुळशीकडची एक मुलगी म्हणाली, ‘सरपण ओलं असेल, सर. पावसाळ्यात आमच्याकडं तसंच होतं. मग आई आम्हांला बाहेर बसवते.’ आणखी दोघींनी हात वर केले. एकीला फुंकणीचा प्रश्न होता, दुसरीला सांगायचे होते. अलंकार त्या तासाला राहून गेले. ते पुढच्या तासाला घेतले.